बिल कोरं झालं, कोकम नर निघाला

ठाणे आणि नवी मुंबईतल्या मोठ्या दुकानांत झाडांचा विभाग सांभाळणाऱ्या, आणि त्या विभागासाठी माल खरेदी करणाऱ्या सर्व व्यवस्थापकांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका दुकानाचं बिल माझ्याकडे आहे. जून २०१७ चं. म्हणजे असं मी म्हणते, कागदावर आता काहीच उरलेलं नाही. तुमचं मशीन ज्या गुळगुळीत कागदावर बिल छापतं त्यावरची अक्षरं वर्ष-दोन वर्षांत उडून जातात. मी ते जपून, पासबुकाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलं होतं. भाचा म्हणाला, मावशी, प्लॅस्टिकमुळे तर ती आणखी लवकर उडतात. असो. त्यावर काय होतं ते मला पाठ आहे. 'प्लांट मँगो' दोन नग, 'प्लांट चिकू' एक, 'प्लांट कोकम' एक, 'प्लांट लेमन' एक आणि 'प्लांट ॲपल' एक. वर एक मॉप, खाली दोन किलो साखर.

त्यातल्या 'प्लांट कोकम'ला गेल्या हिवाळ्यात पहिल्यांदा फुलं आली. आमच्या नेरूळच्या सोसायटीत मागच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून तो उभा आहे, आता पहिल्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत पोचलाय. पानं काय सुंदर, नवी पालवी लालचुटूक. फुलं आली म्हटल्यावर मी सकाळी चहाचा कप घेऊन खाली गेले. फुलं झुपक्या-झुपक्यांनी लागली होती. एक तोडून नखाने उकललं. आत नुसते पुंकेसर. दुसरं उकललं, तेच. झाडाखाली फुलांचा सडा पडत राहिला आणि मार्चपर्यंत एकही फळ धरलं नाही. झाड नर आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. रातांब्यात (आमच्या दापोलीकडे झाडाला आणि फळाला रातांबा म्हणतात, कोकम म्हणजे वाळवलेली सोलं) नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. बी लावून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि फुलं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात-आठ वर्षं, नुसतं बघून कोणालाही ते सांगता येत नाही. पण यावर तोडगा निघून किती वर्षं झाली! मादी झाडाची काडी घेऊन कलम केलं की झाड मादीच होतं, आणि फळही लवकर धरतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण अमृता, कोकण हातीस अशा जाती काढल्या त्या कलमांवरच लोकांपर्यंत गेल्या. काडीसुद्धा सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची घ्यावी लागते. आडव्या फांदीची घेतली तर झाड जन्मभर आडवंच पसरतं. म्हणजे 'कोकमाचं झाड द्या' असं म्हटल्यावर विकणाऱ्याने निदान तीन गोष्टी सांगायच्या असतात: बियांचं की कलमी, कलमी तर कुठल्या जातीचं, आणि काडी कुठल्या झाडाची. तुमच्या पिशवीवर काय होतं? बारकोड होता.

आता तुम्ही विचाराल, बाई, तुम्हाला एवढं कळतं तर आमच्याकडे आलात कशाला? रास्त प्रश्न आहे. तो मीही स्वतःला आठ वर्षं विचारतेय.

माझे वडील, अण्णा, कलमं बांधायचे. मृगाचा पाऊस झाला की कोयी वाफ्यात घालायच्या. दहा-पंधरा दिवसांत तांबूस कोंब वर यायचा. त्याची पानं अजून मऊ, तांब्याच्या रंगाची असतानाच चार बोटं ठेवून वरचं कापायचं, मधोमध उभी चीर द्यायची. मग हापूसच्या झाडावरची पेन्सिलीएवढी काडी (तिची पानं आठवडाभर आधीच देठ ठेवून छाटलेली असायची) दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखी करायची, चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने गुंडाळायची. हे कोय कलम. आम्हा मुलांचं काम पट्ट्या कापायचं. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून त्यांच्या पट्ट्या करायच्या, सगळ्या एका रुंदीच्या, नाहीतर अण्णा परत करायचे. चाकूला आम्ही हात लावायचा नाही. सालीला साल भिडली पाहिजे, एवढंच ते पुन्हापुन्हा सांगायचे.

आणि त्यांची एक वही होती. कोणत्या तारखेला कुठल्या झाडाची काडी कुठल्या वाफ्यात बांधली ते त्यात असायचं. झाडांना नंबर होते, डब्याच्या पत्र्याच्या तुकड्यावर ऑइलपेंटने रंगवून सुंभाने बांधलेले. चार-पाच वर्षांनी एखादा गिऱ्हाईक उगवायचा, 'अण्णा, तुमच्या कलमाला आंबा लागला, पण बारीक लागला.' अण्णा वाद घालायचे नाहीत, वही काढायचे. 'तुमचं सात नंबरचं. त्याचा आंबा पहिली दोन वर्षं बारीकच येतो.' किंवा, 'चुकलंय, पावसाआधी या, दुसरं देतो.' कलम विकणं म्हणजे पाच वर्षांनी खरी-खोटी होणारी गोष्ट आज पैसे घेऊन सांगणं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तर अशा घरातली मी. २०१७ च्या जूनमध्ये तुमच्याकडे मॉप घ्यायला आले. सोसायटीने मागच्या भिंतीची पट्टी झाडांसाठी मोकळी करून दिली होती, कमिटीच्या मीटिंगमध्ये 'जोशीकाकू बघतील' असं माझ्या गळ्यात टाकलं होतं, आणि तुमच्या दारातच 'मान्सून ऑफर'चा बोर्ड. बादल्या आणि नकली हिरवळीच्या गुंडाळ्या यांच्या मधोमध फळझाडांचा रॅक. त्यातल्या एका आंब्याच्या हातभर रोपाला एक कैरी लटकत होती. मी विरघळले! कलमं बांधणाऱ्याची मुलगी, कैरी बघून विरघळले. पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला तर खुडून टाकायचा, झाडाला आधी अंग धरू द्यायचं, हे मी परकर-पोलक्यातल्या वयापासून ऐकत आलेली. पिशवीतल्या कलमाला फळ दिसलं तर ते ठेवणाऱ्याने झाडासाठी नव्हे, गिऱ्हाइकासाठी ठेवलंय, हेही कळायला हवं होतं. नाही कळलं. ए.सी. होता, कार्ड चालत होतं, घासाघीस नव्हती, आणि बाहेर पाऊस पडत होता. तुमच्या दुकानाचं सामर्थ्य नेमकं तेच आहे, ते मी नाकारत नाही. माझ्यासारखी जिथे फसते तिथे कांदिवलीहून नुकताच खारघरला राहायला आलेला, हौशी, नवशिका मुलगा काय करणार?

बाकीच्या झाडांचं काय झालं तेही ऐका.

लिंबू पहिल्याच उन्हाळ्यात वाळलं. उपटलं तर मुळं पिशवीच्या आकाराची, एकावर एक वेटोळी, शेवया गुंडाळून ठेवाव्यात तशी. वर्षभर जमिनीत राहूनही एक मूळ बाहेर गेलं नव्हतं. ते रोप पिशवीत गरजेपेक्षा किती तरी जास्त काळ उभं होतं. कुठे, हे मला माहीत नाही. दोष सगळा तुमचा नाही; आमची जमीन म्हणजे भराव, मुरूम आणि खाडीचा खारेपणा, आणि लिंबाला खारं अजिबात सोसत नाही. मी लावताना वेटोळी मोकळी करायला हवी होती, तीही माझी चूक. पण नेरूळ, वाशी, कोपरखैरण्याला दुकान टाकून बसलेल्यांनी ही जमीन कशी आहे हे एकदा तरी कोणाला विचारलंय का?

आंब्याच्या दोनपैकी एक कलम तौक्ते वादळात मोडलं. १७ मे २०२१. सकाळी खाली जाऊन बघितलं तर आजूबाजूच्या झाडांच्या फांद्या मोडलेल्या, आणि हा मात्र बरोबर कलमाच्या सांध्यावर, जमिनीपासून वीतभर उंचीवर, सुरीने कापल्यासारखा. जवळून पाहिलं. बुंध्याच्या आत, सालीत रुतलेली निळी पट्टी. कलम बांधताना गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी सांधा जुळला की सोडायची असते. ती ना रोपवाटिकेत सोडली, ना तुमच्या रॅकवर कोणी बघितली, आणि मी घरी आणल्यावर पिशवीतली वरची माती आणि सांधा झाकणारा नारळाचा भुसा तसाच ठेवून ते कलम लावलं. चार वर्षं खोड जाड होत गेलं आणि पट्टी आत आवळत गेली. अण्णांनी ते पाहिलं असतं तर मला काय म्हणाले असते याचा मी विचार करत नाही.

दुसऱ्याचं कलम पहिल्याच वर्षी मेलं, पण झाड जगलं. हे कोड्यासारखं वाटेल. सांध्याच्या वरची काडी वाळली आणि खालच्या खुंटातून जोरात फुटवा आला. सांध्याखाली फुटलेलं ते रायवळ, म्हणजे कोयीचं. मी गावाला गेले होते, माळ्याने प्रेमाने पाणी घातलं, फुटवा वाढला. तो आता भरभक्कम झाड आहे आणि दोन वर्षं त्याला आंबे लागतात: बारीक, धाग्याळ, आंबटगोड. लोणच्याला अप्रतिम. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तर म्हणतात हेच बरं झालं. पण लेबलावर 'अल्फान्सो' होतं आणि पैसे अल्फान्सोचे घेतले होते, शिवाय तेही खरंच हापूसचं होतं की कसलं, हे ती काडी वाळल्यामुळे आता देवालाही सांगता येणार नाही. पिशवीला एक साधी चिठ्ठी बांधली असती, 'सांध्याखाली फुटलेलं सगळं खुडा', तर पुढचं टळलं असतं.

सफरचंद हा वेगळाच विनोद. तो माझा हट्ट नव्हता, कमिटीतल्या एका आजोबांना नातवंडांसाठी हवा होता. सफरचंदाच्या नेहमीच्या जातींना हिवाळ्यात हजारेक तास सात अंशांच्या खाली थंडी लागते, तेव्हा कुठे त्यांचे डोळे फुलायला तयार होतात. आमच्याकडे पहाटे पारा सोळावर आला की लोक स्वेटर घालून जॉगिंगला जातात. उष्ण भागात येणाऱ्या जाती आहेत, हे मला माहीत आहे. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी काढलेली एचआरएमएन-९९ आहे, इस्रायलची ॲना आहे. शर्मांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ती उगाच नव्हे. त्यातली एखादी तुम्ही नाव घालून विकली असती तर प्रयोग म्हणून तरी मी मानला असता. पण 'प्लांट ॲपल'? आणि चिठ्ठीवर छापलेलं लाल डेलिशियसचं चित्र? आजोबा दर जानेवारीत त्या काडीपाशी उभे राहून बघायचे. आता ते नाहीत. काडी आहे.

चिकू मात्र खरा निघाला. कालीपत्ती, अंडाकार फळ, गोड. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या तोडीचा नाही म्हणणार, त्याला भौगोलिक मानांकन आहे, आमच्या भिंतीला नाही. पण भरावाच्या खारट जमिनीत चिकू तग धरतो आणि यानेही धरला. खाली खिरणीचा खुंट असणार असा माझा अंदाज. अंदाजच, कारण तेही कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणजे जे चांगलं निघालं त्याचंही श्रेय कोणाला द्यावं हे मला कळत नाही. ज्या कोणी ते कलम बांधलं त्याच्याकडून मी आणखी चार घेतली असती.

यंदा मी मुद्दाम पुन्हा आले. मे महिन्यात. तोच रॅक, आता आणखी मोठा. एक तरुण मुलगा झाडांना पाइपने पाणी मारत होता, भर दुपारी, पानांवर.

"हे कुठलं झाड रे बाळा?"

"आंबा, काकू."

"कुठला आंबा?"

त्याने पिशवी फिरवून बघितली. "आंब्याचा."

मी हसले, तोही हसला. मग त्याने मशीन आणून बारकोड वाचला आणि मला दाखवला: 'प्लांट मँगो ग्राफ्टेड', किंमत पाचशे नव्याण्णव. तो मुलगा मार्चपर्यंत मिक्सर-इस्त्रीच्या विभागात होता. त्याचा काही दोष नाही. मिक्सरची वॉरंटी किती, मोटर किती वॅटची, हे त्याने मला घडाघडा सांगितलं. ते त्याला खोक्यावर छापून आलेलं होतं. तुमच्या मॅनेजरसाहेबांना भेटले, तेही नीट बोलले, पाणी विचारलं. म्हणाले, "मॅडम, लाइव्ह प्लांटला आपली सात दिवसांची रिटर्न पॉलिसी लागू होत नाही." मी म्हटलं, सात दिवसांत परत करण्यासारखं या झाडात काही कळतच नाही हो. सात वर्षांची असती तर बोललो असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे आणि त्यासाठीच हे पत्र. ती माहिती कुठेतरी असते. तुम्ही ती गाळून टाकता.

आपल्या राज्यात फळरोपवाटिकांसाठी आणि फळझाडांच्या विक्रीसाठी १९६९ पासून कायदा आहे. फळझाडांची रोपवाटिका चालवायला परवाना लागतो. खुंट कुठला, काडी कुठल्या मातृवृक्षाची, याची नोंद रोपवाटिकेने ठेवायची असते. अण्णांची वही ही त्यांची हौस नव्हती. तेव्हा तुम्ही ज्या कोणाकडून गाडी भरून माल आणता, उरुळी कांचनहून आणा, आंध्रातल्या कडियमहून आणा, नाहीतर इथल्याच शहापूर-मुरबाडकडून, त्याच्याकडे परवान्याचा नंबर असला पाहिजे आणि वही असली पाहिजे. नसेल तर तुम्ही त्याच्याकडून घेताच कसे? आणि असेल, तर ती माहिती तुमच्या गोदामात उतरताना जाते कुठे? आमच्या रस्त्यावरचा हातगाडीवाला 'हापूस आहे ताई, शंभर टक्के' असं खोटं बोलतो तेव्हा निदान तो बोलतो तरी. त्याच्या डोळ्यांत बघून मला ठरवता येतं. तुमच्याकडे खोटं बोलायलाही कोणी नसतं. पाच वेगवेगळ्या रोपवाटिकांची कलमं एका बारकोडखाली येतात आणि ती सगळी एकच वस्तू होते, साबणाच्या वडीसारखी.

पिशवीला पावसात न भिजणारा एक टॅग बांधा. त्यावर जात लिहा, 'आंबा' नव्हे, हापूस, केसर, रत्ना, सिंधू, आम्रपाली, जी असेल ती. कलमाचा प्रकार आणि कलम बांधल्याचा महिना-वर्ष लिहा, म्हणजे मुळांची वेटोळी किती जुनी असतील ते मला कळेल. रोपवाटिकेचं नाव आणि परवाना क्रमांक लिहा. कोकम असेल, जायफळ असेल, तर कलमी मादी आहे की बियांचं, हे ठळक लिहा. बियांचं असेल तर तसं सांगून स्वस्तात विका, घेणारे घेतील, रानात लावायला बियांचंच बरं. पपई असेल तर जातीचं नाव हवंच, कारण काही जातींत नर निघतात आणि काहींत नाही. विक्रीला ठेवण्याआधी कलमाची पट्टी कोणीतरी सोडलेली असू द्या. सांधा मातीच्या वर दिसू द्या, तो लपवायची गोष्ट नाही. आणि ज्याची फळं इथे धरणारच नाहीत ते झाड ठाण्या-नवी मुंबईत विकूच नका. उद्या दिल्लीच्या हेड ऑफिसने देशभरातल्या सगळ्या दुकानांना एकच यादी पाठवली असेल, तर त्यांना कळवा की घोडबंदर रोड समुद्रसपाटीला आहे.

हापूसवर जागेचंही लिहा. कोकणात हापूसच्या दोन कलमांमध्ये दहा मीटर अंतर सोडतात. तुमच्याकडे तो 'बाल्कनी स्पेशल' या पाटीखाली होता. ठाण्याच्या नव्या टॉवरमधली बाल्कनी किती असते हे तुम्हाला मी सांगायला नको. कुंडीत ठेवायचाच तर आम्रपालीसारखी बुटकी जात सुचवणारा माणूस तुमच्याकडे हवा. एक माणूस, एका दुकानात, जून ते सप्टेंबर एवढाच. कृषी पदविका झालेली मुलं नोकऱ्या शोधत फिरतायत.

तुमच्यातल्या कोणी म्हणेल की ग्राहकाला तक्रार करता येते, १९१५ हा हेल्पलाइनचा नंबर आहे, आयोग आहे. मी चौकशी केली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. आता माझं कारण कधी घडलं? जून २०१७ मध्ये तुम्ही नर कोकम विकलात तेव्हा, की गेल्या हिवाळ्यात मी ते फूल नखाने उकललं तेव्हा? हा वाद वकिलांनी घालावा, मला त्यात रस नाही. पुरावा म्हणून मी काय दाखवणार? कोरा कागद. मिक्सर बिघडला तर दोन वर्षं पुष्कळ होतात. कलमाच्या बाबतीत दोन वर्षांत फक्त एवढंच कळतं की ते जिवंत आहे.

आणि झाड नको झालं म्हणून मी ते काढूही शकत नाही. शहरातली झाडं १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतात, तोडायची तर पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि लागायलाच हवी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. चाळीस फुटांच्या पट्टीत आमच्याकडे पाच-सहा झाडांची जागा होती. ती जागा आता नर कोकमाने, रायवळाने आणि सफरचंदाच्या काडीने भरली आहे. तुमच्यासाठी तो तीन ओळींचा माल होता, आमच्यासाठी ती सगळी जागा होती.

मी कोकम तोडणार नाही. दापोलीला विद्यापीठाच्या रोपवाटिकेत ओळखीचे एक जण आहेत. छाटणीची परवानगी मिळाली की काही फांद्या मागे घेऊन, नव्या फुटव्यांवर मादीच्या काड्या बांधून बघायचं ठरवलंय. वयाने माझी बोटं थरथरतात, पट्टी गुंडाळायला भाच्याला शिकवतेय. गेल्या वेळी तिथून रत्नाची दोन कलमं आणली, त्याची पावती हाताने लिहिलेली आहे. 'आंबा, रत्ना, २ नग', बॉलपेनने, खाली सही. ती मी उघड्या भिंतीवर, कॅलेंडरच्या खिळ्याला टोचून ठेवली आहे आणि तिचं एकही अक्षर उडालेलं नाही.

तुमच्याकडे तर वहीची गरजही नाही. दर वेळी काउंटरवर मुलगी माझा मोबाइल नंबर विचारते आणि मी देते. माझं बिल कोरं झालं असलं तरी जून २०१७ च्या त्या ओळी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असतील. त्या दिवशीचा कोकम कुठल्या गाडीतून आला, कुठल्या रोपवाटिकेचा, त्या खेपेत आणखी किती घरी गेले, हे तुम्ही मनात आणलं तर शोधू शकता. त्यातले निम्मे नर असतील आणि घेतलेल्यांना अजून पत्ताही नसेल. कोणी पनवेलला, कोणी कळव्याला, दर वर्षी खत घालून वाट बघत असेल.

शोधलंत तर मलाही सांगा. डिसेंबर-जानेवारीत फुलं असतात, तेव्हा बघायलाच या, चहा माझ्याकडे. येण्याआधी फोन करा. नंबर तुमच्याकडे आहेच; कालच त्यावर मेसेज आला, फळझाडांवर वीस टक्के सूट.

आपली,
नेरूळची एक जुनी गिऱ्हाईक